यॉर्क : जपलेले शहर की सजवलेला देखावा?

शिरीषफूल
मंडळी, नमस्कार. भाच्याच्या पदवीदान समारंभासाठी जुलै महिन्यात इंग्लंडला जाणे झाले. त्यातला एक दिवस मोकळा मिळाला म्हणून सकाळच्या गाडीने लंडनहून निघालो, सुमारे दोन तासांत यॉर्कला उतरलो, दिवसभर पायी फिरलो आणि रात्री परतलो. परत आल्यापासून एक प्रश्न मनात घोळत आहे, तो आपल्यापुढे ठेवते.

शॅम्बल्स नावाच्या त्या प्रसिद्ध गल्लीत शिरलो, तेव्हा प्रथम थक्कच झाले. लाकडी चौकटीच्या घरांचे वरचे मजले रस्त्यावर इतके पुढे आलेले आहेत की, माडीच्या खिडकीतून हात लांबवला तर समोरच्या घरातून वाटीभर साखर मागून घेता येईल. पण नजर खाली आणली तर सगळी दुकाने पर्यटकांची. एकीकडे साखरेच्या वड्या, दुसरीकडे जादूच्या छड्या, तिसरीकडे चिमुकल्या भुतांच्या मूर्ती घेण्यासाठी लागलेली लांबच लांब रांग. आपण एखाद्या नाटकाच्या नेपथ्यात तर फिरत नाही ना, अशी शंका आली.

संध्याकाळी मात्र तटबंदीवरून चालताना वेगळेच काही घडले. बूथम बार ते मंक बार या टप्प्यात एका अंगाला मिन्स्टरचे, म्हणजे तिथल्या भव्य मध्ययुगीन चर्चचे, मनोरे दिसतात आणि खाली भिंतीला लागून घरांचे बगीचे आहेत. तिथे एक वृद्ध गृहस्थ शांतपणे गवत कापत होते. त्यांच्या डोक्यावरून आमच्यासारखे शेकडो लोक जात असावेत, परंतु त्यांनी एकदाही मान वर केली नाही. तो देखावा नव्हता, एवढे निश्चित.

तेव्हा यॉर्कचे खरे आकर्षण कशात आहे? ज्यांनी तिथे वास्तव्य केले आहे किंवा माझ्याहून अधिक सवडीने ते पाहिले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

बारा_गावचे_पाणी
यॉर्कचे पहिले आकर्षण असे की, तिथे रस्त्याला गेट म्हणतात, गेटला बार म्हणतात आणि बारला पब म्हणतात. हे मी सांगत नाही, तिथलीच माणसे सांगतात. मी मिकलगेटपाशी भेटायचे ठरवून अर्धा तास दरवाजा शोधत होतो आणि मित्र मिकलगेट बारपाशी उभा होता. मी त्याला विचारले, "एवढ्या सकाळी बारमध्ये?"

वेताळटेकडी
शिरीषफूल ताई, प्रश्न आवडला. मी तिथल्या विद्यापीठात दोन वर्षे शिकलो, त्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो.

वर झालेल्या विनोदातच या शहराची निम्मी गंमत आहे. रस्त्यांच्या नावांतले 'गेट' म्हणजे दरवाजा नव्हे. ते व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेतील 'गाता' आहे आणि त्याचा अर्थ रस्ता. व्हायकिंगांनी ८६६ मध्ये हे शहर जिंकले, त्याला योर्विक म्हणू लागले आणि ९५४ मध्ये त्यांचा शेवटचा राजा एरिक ब्लडअ‍ॅक्स हाकलला गेला. सत्ता जेमतेम नव्वद वर्षे टिकली, परंतु हजार वर्षांनंतरही टपाल त्यांच्याच भाषेतल्या पत्त्यांवर येते. कॉपरगेट हे नाव वाचून आपल्याला तांबट आळी आठवते, पण ते चूक आहे. ती लाकडी पेले कातणाऱ्यांची, म्हणजे कातारी लोकांची आळी होती. १९७६ ते १९८१ या काळात तिथे उत्खनन झाले, तेव्हा ओल्या, हवाबंद मातीत टिकून राहिलेले लाकडी पेले आणि कातकामाचा कचरा ढिगांनी सापडला. नावात जे होते तेच जमिनीखाली निघाले.

त्याही खाली रोमन आहेत. इसवी सन ७१ मध्ये रोमन सैन्याच्या नवव्या लीजनने, म्हणजे पलटणीने, इथे तळ ठोकला आणि त्याला एबोराकम हे नाव दिले. आज आपण स्टोनगेट आणि पीटरगेट या रस्त्यांवरून चालतो, ते त्या छावणीच्या दोन मुख्य रस्त्यांचीच वाट धरून जातात. सम्राट सेप्टिमियस सेव्हेरस २११ मध्ये इथेच वारला आणि ३०६ मध्ये कॉन्स्टन्टाइनला सैनिकांनी इथेच सम्राट म्हणून घोषित केले. मिन्स्टरच्या दक्षिणेला त्याचा बसलेला पुतळा आहे. त्याच्यासमोर सँडविच खात बसणे हा आम्हा विद्यार्थ्यांचा नित्यक्रम होता.

माझ्या मते यॉर्कचे आकर्षण कोणत्याही एका वास्तूत नाही. सकाळी दूध आणायला निघालेला माणूस रोमन रस्त्याने जातो, नॉर्स नावाच्या चौकात वळतो आणि मध्ययुगीन घरातल्या दुकानात दूध घेतो आणि यातले काहीही त्याच्या ध्यानीमनी नसते. तुम्ही पाहिलेले गवत कापणारे गृहस्थ त्यातलेच.

अण्णा_सोलापूरकर
वेताळटेकडी यांचा प्रतिसाद वाचनीय आहे, परंतु दूध घेण्याबाबत माझी हरकत आहे. त्या मध्ययुगीन घरांतून आता दूध मिळत नाही. शॅम्बल्स ही शतकानुशतके खाटकांची आळी होती. दुकानांसमोर मांस मांडायच्या रुंद फळ्या आणि ते टांगायचे लोखंडी आकडे अजून जागेवर आहेत. गल्ली अरुंद असल्यामुळे मालावर ऊन पडत नसे, आणि रक्त धुऊन काढण्यासाठी मधोमध उताराची वाट ठेवलेली होती. आज त्या गल्लीत एकही खाटीक उरलेला नाही. आकडे तेवढे आहेत आणि त्यांना रंग दिलेला आहे.

मी चाळीस वर्षे इतिहास शिकवला. जी गावे आपला भूतकाळ विकून पोट भरतात, ती त्यातला सोयीचा भाग आधी विकतात, असा माझा अनुभव आहे. यॉर्कमध्ये व्हायकिंगांच्या शिरस्त्राणांची खेळणी दर चार पावलांवर मिळतात. परंतु क्लिफर्ड्स टॉवर ज्या टेकाडावर उभा आहे, तिथे १६ मार्च ११९० रोजी काय झाले, हे किती पर्यटकांना ठाऊक असते? शहरातील सुमारे दीडशे ज्यू स्त्री-पुरुष आणि मुले जमावाच्या भीतीने तिथल्या तेव्हाच्या लाकडी बुरुजात आश्रयाला गेली. त्यांपैकी बहुतेकांनी जमावाच्या हाती पडण्यापेक्षा स्वतःच्या हातांनी मरण पत्करले, बुरुजाला आग लागली आणि जिवाची हमी मिळाली म्हणून जे बाहेर आले त्यांची कत्तल झाली. जमावाच्या म्होरक्यांत ज्यू सावकारांचे कर्जदार होते. काम उरकल्यावर त्यांनी मिन्स्टरमध्ये जाऊन तिथे ठेवलेली कर्जाची कागदपत्रे जाळली. धर्मवेडाला हिशेबाची जोड कशी असते, हे शिकवायला मला याहून स्पष्ट उदाहरण सापडलेले नाही. त्या जागी स्मरणफलक लागायला १९७८ साल उजाडले.

शहर सुंदर आहे, हे मला मान्य आहे. त्याच्या सौंदर्याची जाहिरात मात्र मी जपून वाचतो.

बारा_गावचे_पाणी
अण्णा, आपल्यापुढे बोलणे म्हणजे सूर्याला काजवा दाखवणे, तरी यॉर्कवाल्यांनी फक्त सोयीचा भाग मांडला असे म्हणवत नाही. १९७२ मध्ये एका बँकेच्या इमारतीच्या जागी खोदकाम झाले, त्यात एका व्हायकिंग गृहस्थांची सुमारे वीस सेंटिमीटर लांबीची अश्मीभूत विष्ठा सापडली. ती आजही काचेच्या पेटीत सन्मानाने ठेवलेली आहे. २००३ मध्ये ती पडून तिचे तीन तुकडे झाले, तर तज्ज्ञांनी ते पुन्हा सांधले. ज्या शहराने एवढेसुद्धा टाकून दिले नाही, त्याच्यावर लपवाछपवीचा आरोप करू नये.

निळावंती
जेवताना धागा वाचू नये, हा धडा आज मिळाला.

दगडी_चाळ
मी वारसा-वास्तूंच्या दुरुस्तीचे काम करते आणि या विषयाचे काही शिक्षण यॉर्कमध्येच घेतले आहे, त्यामुळे 'जपलेले की सजवलेले' या प्रश्नावर थोडे अधिकाराने लिहू शकते.

पहिली गोष्ट अशी की, यॉर्क कोणी एकमुखाने जपलेले नाही. १८०० मध्ये खुद्द नगरपालिकेनेच तटबंदी पाडण्याच्या परवानगीसाठी संसदेकडे धाव घेतली होती. तट जुना झाला होता, दुरुस्तीला पैसा लागत होता आणि वाहतुकीला अडथळा होत होता. कारणे आजच्या कोणत्याही नगरपालिकेने द्यावीत तशीच होती. पुढची तीसेक वर्षे वाद चालला. दरवाजांपुढचे संरक्षक आडोसे एकामागून एक पाडले गेले आणि आज असा आडोसा फक्त वॉमगेट बारला उरला आहे. यॉर्कमध्येच जन्मलेले चित्रकार विल्यम एटी आणि त्यांच्यासारख्या इतरांनी आरडाओरडा केला म्हणून बाकीचा सुमारे साडेतीन किलोमीटरचा तट वाचला. एटी यांचा पुतळा कलादालनासमोर आहे. पाडणाऱ्यांचे पुतळे नाहीत, हा त्यांना मिळालेला न्याय.

दुसरी गोष्ट मिन्स्टरची. आजची वास्तू १२२० च्या सुमारास सुरू झाली आणि १४७२ मध्ये पूर्ण झाल्याचे जाहीर झाले. ती तेव्हापासून तशीच उभी आहे, असा समज असेल तर तो सोडावा. १८२९ मध्ये जोनाथन मार्टिन नावाच्या एका धर्मवेड्या इसमाने आत लपून राहून गायकवृंदाच्या बाजूला आग लावली. १८४० मध्ये पुन्हा आग लागली. १९६७ मध्ये तपासणी केली तेव्हा मधल्या मनोऱ्याचा पाया खचत असल्याचे आढळले. वास्तुतज्ज्ञ बर्नर्ड फील्डेन यांनी पायांभोवती काँक्रीटचे प्रचंड पट्टे बांधून तो सावरला. त्यासाठी खोदताना खाली रोमन छावणीचे मुख्यालय निघाले. एका बाजूला अभियंते घाईत आणि दुसऱ्या बाजूला पुरातत्त्वज्ञ त्याहून घाईत, असे ते काम चालले. याच फील्डेन यांनी पुढे भारतात इन्टॅक या वारसा जपणाऱ्या संस्थेसाठी वास्तुसंवर्धनाची मार्गदर्शिका लिहिली आणि माझ्या पिढीतील अनेकांनी दुरुस्तीची बाराखडी तिच्यातूनच गिरवली.

त्यानंतर ९ जुलै १९८४ ची रात्र आली. बहुधा वीज पडल्याने दक्षिणेकडच्या बाहूचे छप्पर पेटले. आग पुढे पसरू नये म्हणून अग्निशामक दलाने ते छप्पर मुद्दाम खाली पाडले. तिथल्या वर्तुळाकार गुलाब-खिडकीची काच उष्णतेने तडकून तिचे सुमारे चाळीस हजार तुकडे झाले, तरी ती खिडकी निखळली नाही, कारण काही वर्षांपूर्वीच तिच्या सांध्यांत नवे शिसे भरले होते. कोणाही पर्यटकाच्या नजरेत न भरणारे ते नित्याचे काम त्या रात्री कामाला आले. पुढे नव्या छतावर बसवायच्या लाकडी कोरीव फुलांपैकी सहा फुलांचे नमुने मुलांच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमातील स्पर्धेतून निवडले गेले. म्हणून त्या मध्ययुगीन वाटणाऱ्या छतावर आज चंद्रावर उतरलेला माणूसही आहे.

तेव्हा तो देखावा आहे का? माझे उत्तर असे की, ती सतत चाललेली दुरुस्ती आहे. मिन्स्टरच्या आवारात पाथरवटांचे स्वतःचे अंगण आहे, तिथे आजही चुनखडीचा दगड घडवला जातो. नवा दगड फिकट मलईसारखा दिसतो आणि जुना करडा पडलेला असतो. पूर्वेच्या बाजूने पाहिल्यास हे ठिगळ साध्या डोळ्यांना दिसते आणि ते कोणी लपवतही नाही.

रेल्वेवेडा
सर्वांनी दगडांविषयी लिहिले, लोखंडाविषयी कोणी लिहिले नाही, म्हणून हा प्रतिसाद. यॉर्क स्थानकात उतरल्यावर घाईने बाहेर पडू नये. १८७७ चे हे स्थानक वळणावर बांधलेले आहे, त्यामुळे लोखंडी कमानींचे छत डोळ्यांसमोर वाकत वाकत जाते. आधीचे स्थानक तटाच्या आत होते आणि गाड्यांसाठी तटाला कमान पाडलेली होती, ती अजून दिसते.

रेल्वे इथे आणली जॉर्ज हडसन यांनी. हे तीनदा शहराचे महापौर झाले आणि 'रेल्वेचा राजा' म्हणून मिरवले. १८४९ मध्ये त्यांच्या हिशेबातील लबाड्या उघड झाल्यावर त्यांच्या नावाच्या रस्त्याची पाटी उतरवून 'रेल्वे स्ट्रीट' अशी पाटी लावण्यात आली आणि १९७१ मध्ये, त्यांच्या मृत्यूला शंभर वर्षे झाल्यावर, पुन्हा त्यांचेच नाव देण्यात आले. क्षमा करायला यॉर्कला सव्वाशे वर्षे लागतात, अशी नोंद करायला हरकत नाही.

राष्ट्रीय रेल्वे संग्रहालय स्थानकाला लागून आहे आणि प्रवेश विनामूल्य आहे. १९३८ मध्ये ताशी १२६ मैलांचा वेग गाठणारे, वाफेच्या इंजिनांतील विक्रमवीर 'मॅलार्ड' तिथे आहे. माझ्या पत्नीने मिन्स्टर पाहिले, मी मॅलार्ड पाहिले आणि रात्री जेवताना दोघांनी एकमेकांना काय हुकले ते समजावून सांगितले.

खवय्या
पोटाचा उल्लेख झाला, तेव्हा माझी हजेरी. यॉर्कच्या स्वभावात चॉकलेटचा वाटा मोठा आहे. राउंट्री आणि टेरी या दोन घराण्यांचे कारखाने इथे होते. आपण ज्याला किटकॅट म्हणतो ते १९३५ मध्ये राउंट्रींच्या कारखान्यात 'चॉकलेट क्रिस्प' या नावाने जन्मले आणि दोन वर्षांनी त्याचे नाव बदलले. आज ते गोव्यात फोंड्यालाही बनते, त्यामुळे यॉर्क आणि फोंडा यांचे गोड नाते आहे, असे मी सासुरवाडीला गेल्यावर आवर्जून सांगतो. टेरींचा कारखाना २००५ मध्ये बंद झाला आणि आता त्या इमारतीत लोक राहतात.

बेटीज या चहाघराच्या तळघरात एक आरसा आहे. दुसऱ्या महायुद्धात आसपासच्या विमानतळांवरील वैमानिक संध्याकाळी तिथे येत असत आणि हिऱ्याच्या टोकाच्या लेखणीने त्या आरशावर आपली नावे कोरत असत. चहा आणि मनुकांचा गोल केक मी वर घेतला, मग खाली जाऊन ती नावे वाचली. यांतली किती मुले परत आली असतील, हा विचार आल्यावर वर येऊन दुसरा केक मागवण्याची इच्छा राहिली नाही.

अण्णा_सोलापूरकर
खवय्या यांनी राउंट्री घराण्याचे नाव घेतले, हे बरे झाले. त्याच घराण्यातील सीबोम राउंट्री यांनी १८९९ मध्ये यॉर्कमधील कष्टकरी वस्तीची घरोघर जाऊन पाहणी करविली. १९०१ मध्ये तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. शहराच्या लोकसंख्येपैकी सुमारे २८ टक्के लोक दारिद्र्यात आहेत, असे त्यांतून दिसले. दारिद्र्य ही फक्त लंडनची व्याधी आहे, अशी तोवर अनेकांची समजूत होती. घरात येणारी मजुरी, भाडे, पाव आणि कोळसा यांचे आकडे मांडून त्यांनी दाखवले की, यांतील कित्येक कुटुंबांनी एक पैही उधळली नाही, तरी निव्वळ शरीर धडधाकट राखण्यापुरते अन्नदेखील त्यांना परवडणार नाही. वॉमगेट आणि हंगेट येथील त्या वस्त्या पुढे पाडल्या गेल्या. त्या देखण्या नव्हत्या, म्हणून त्या जपल्या गेल्या नाहीत. दगडी_चाळ यांनी दुरुस्तीचे वर्णन फार सुंदर केले आहे. दुरुस्ती कशाची करायची, हे कोण ठरवते, एवढेच माझे विचारणे आहे.

दगडी_चाळ
अण्णा, मुद्दा रास्त आहे आणि मला त्याचे पूर्ण उत्तर देता येणार नाही. एक भर मात्र घालते. शॅम्बल्समध्ये मार्गारेट क्लिथरो यांचे प्रार्थनास्थान आहे. त्या एका खाटकाच्या पत्नी होत्या. कॅथलिक धर्मगुरूंना घरात आसरा दिल्याच्या आरोपावरून २५ मार्च १५८६ रोजी त्यांना दरवाजाखाली ठेवून वर दगड रचून मारण्यात आले. १९७० मध्ये पोपने त्यांना संतपद दिले. गंमत अशी की, ज्या घरात हे प्रार्थनास्थान आहे ते बहुधा त्यांचे घर नव्हतेच, कारण मधल्या काळात गल्लीतील घरांचे क्रमांक बदलले होते. तरीही लोक तिथेच येऊन मेणबत्ती लावतात. म्हणजे जपण्यात चूकही असते, आणि कधी कधी त्या चुकीचेही पुढे स्थान बनते.

निळावंती
एवढ्या गंभीर चर्चेत भुतांचा विषय काढावा की नाही, या विचारात होते. ट्रेझरर्स हाउस नावाच्या वाड्याच्या तळघरात १९५३ मध्ये एका शिकाऊ प्लंबरला रोमन सैनिकांची तुकडी भिंतीतून येताना दिसली, असे त्याने सांगितले. ते सैनिक त्याला गुडघ्यापासून वर दिसले, कारण रोमन रस्ता जमिनीच्या खाली होता. पाय फक्त जिथे मजुरांनी माती उकरली होती तिथे दिसले. कोणाला खरे वाटो वा न वाटो, पुरातत्त्वाचा इतका चोख अभ्यास असलेले भूत मी अन्यत्र ऐकलेले नाही.

मात्र रात्रीच्या एका 'भुतांच्या फेरफटक्यात' आमच्या वाटाड्याने दर दहा मिनिटांनी किंचाळण्यापलीकडे काही केले नाही. पैसे देऊन घसा त्याचा बसला आणि कान आमचे.

बारा_गावचे_पाणी
भुताला पाय नसतात हे आपल्या आजीने सांगितलेले सत्य यॉर्कमध्ये सप्रमाण सिद्ध झाले, हे वाचून समाधान वाटले.

मृण्मयी_एस
मी गेली अकरा वर्षे यॉर्कपासून अर्ध्या तासाच्या अंतरावर राहते आणि कामासाठी आठवड्यातून तीन दिवस शहरात जाते. पाहुण्याच्या आणि अभ्यासकाच्या नजरेने बरेच लिहून झाले, आता थोडे कामावर जाणाऱ्या बाईच्या नजरेने.

यॉर्क कळायचे असेल तर मुख्य रस्ते सोडून बोळांत शिरावे. त्यांना तिथे 'स्निकलवे' म्हणतात. शब्द जुना वाटतो, पण १९८३ मध्ये एका स्थानिक लेखकाने तो बनवला आणि शहराने तो असा उचलला की आता तो पिढ्यान्पिढ्यांचा वाटतो. दोन दुकानांच्या मधून, कमानीखालून, एका वेळी एकच माणूस जाईल अशा वाटा आहेत. समोरून कोणी आले तर कोण मागे सरणार, यावर हसून तडजोड होते. दुपारी बाराच्या सुमारास स्टोनगेटवर पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आम्ही सगळे या बोळांतून ये-जा करतो. गुडरमगेटवरच्या एका लहान कमानीतून आत गेल्यास होली ट्रिनिटी हे छोटे चर्च लागते. आत बसायच्या जागा खोक्यांसारख्या कठड्यांनी वेढलेल्या, फरशी वरखाली झालेली, विजेचे दिवे नाहीत. बाहेर पाचशे माणसे असली तरी आत बहुधा दोन असतात आणि त्यांतली एक मी असते. डबा तिथल्या अंगणात खाते.

दुसरी गोष्ट नद्यांची. ऊझ आणि फॉस या दोन नद्यांच्या संगमावर हे शहर आहे, आणि वर डोंगरांत पाऊस झाला की, इथे ऊन असतानाही नदी चढते. नोव्हेंबर २००० मध्ये ऊझ नेहमीच्या पातळीपेक्षा सुमारे ५.४ मीटर वर गेली होती. २०१५ च्या नाताळात फॉस नदीवरच्या पूर अडवणाऱ्या अडसराच्या पंपांची वीजयंत्रणा पाण्याखाली जाण्याची वेळ आली, तेव्हा अडसर उचलावा लागला आणि सहाशेहून अधिक घरांत व दुकानांत पाणी शिरले. व्हायकिंग संग्रहालयही त्यात गेले आणि एप्रिल २०१७ पर्यंत बंद राहिले. माझ्या सहकारी बाईंच्या घराच्या भिंती सुकायला सात महिने लागले. त्यांना मी विचारले, घर विकून वर का जात नाही? त्या म्हणाल्या, "नदी आमच्या आधीपासून इथे आहे."

नदीकाठी किंग्ज आर्म्स नावाचा पब आहे. तिथे कोणत्या वर्षी पाणी कुठवर आले, याच्या रेघा आहेत. शिरीषफूल ताई, पुढच्या खेपेस त्या अवश्य पाहा. आणि आणखी एक सांगते. मिन्स्टर पाहायला तिकीट आहे, परंतु संध्याकाळच्या प्रार्थनेला कोणीही विनामूल्य बसू शकते. दिवसा ती वास्तू पाहिली जाते, संध्याकाळी ती वापरली जाते.

वेताळटेकडी
मृण्मयी ताई, होली ट्रिनिटीचे अंगण वाचून गळा दाटून आला. प्रबंधाची दोन प्रकरणे मी तिथे बसून लिहिली. अण्णांना दूध मिळाले नाही, त्याबद्दल त्यांची क्षमा मागतो. दूध मी बोळाच्या टोकाच्या साध्या दुकानातून आणत असे आणि ती इमारत साठच्या दशकातली होती.

शिरीषफूल
सर्वांचे मनःपूर्वक आभार. धागा मधे थंडावला होता, परंतु जानेवारीत भावाकडे पुन्हा जाणे झाले आणि या वेळी यॉर्कमध्ये तीन रात्री राहिले, म्हणून वर आणते.

पाऊस होता, गर्दी नव्हती. शॅम्बल्समध्ये सकाळी आठ वाजता शिरले तेव्हा दुकाने उघडायची होती. त्या रुंद फळ्यांवर पाणी साचले होते आणि एक मुलगा फडक्याने ती पुसत होता. अण्णा, त्याच्या डोक्यावर तुमचे रंग दिलेले आकडे होते आणि त्यांतल्या एकाला त्याने आपली ओली छत्री अडकवली होती.

संध्याकाळी मिन्स्टरमध्ये प्रार्थनेला गेले. आम्ही तीसेक जण असू. मुलांचा आवाज वर चढत गेला. मला एकही शब्द नीट समजला नाही आणि काही बिघडलेही नाही. पूर्वेची मोठी खिडकी बाहेर काळोख असल्यामुळे काळीच दिसत होती, म्हणून दुसऱ्या दिवशी सकाळी तिकीट काढून पुन्हा गेले. टेनिसच्या मैदानाएवढ्या त्या काचेवर विश्वाची उत्पत्ती आणि अंत असे दोन्ही रंगवलेले आहेत. कॉव्हेंट्रीच्या जॉन थॉर्न्टन यांच्याशी १४०५ मध्ये तीन वर्षांचा करार झाला आणि १४०८ मध्ये, म्हणजे ठरल्या मुदतीत, काम पुरे झाले. त्यांना एकूण ५६ पौंड मिळाले. अलीकडची दुरुस्ती २०१८ मध्ये संपली, तिला दहा वर्षे लागली. दगडी_चाळ, हा हिशेब सांगितल्यावर तिथल्या स्वयंसेविका आजी हसून म्हणाल्या, "मोडलेले जोडायला जास्त वेळ लागतो." फिकट आणि करड्या दगडांचे ठिगळही बाहेरून पाहिले. आधी जाऊनही ते मला दिसले नव्हते.

किंग्ज आर्म्समध्ये गेले. २००० ची रेघ पाहायला मान वर करावी लागली. शेजारच्या मेजावर दोन स्थानिक गृहस्थ त्या आठवड्यात पाणी कुठवर येईल, यावर पैज लावत होते. काउंटरवरच्या मुलीने मला सांगितले की, इथे तळघर नाही, बिअरची पिंपे वरच्या मजल्यावर असतात. पाणी आले की खुर्च्या उचलायच्या, दार लावायचे आणि ओसरले की फरशी धुऊन पुन्हा उघडायचे. तिने हे ज्या सुरात सांगितले, त्या सुरात आपण पावसाळ्यापूर्वी कौले शाकारण्याविषयी बोलतो.

माझ्या प्रश्नाचे उत्तर मला बऱ्याच अंशी त्या काउंटरपाशी मिळाले. अण्णांचा प्रश्न मात्र तसाच आहे. क्लिफर्ड्स टॉवरच्या पायथ्याशी तो फलक वाचला. टेकाड नुसते हिरवे आणि चिखलाचे होते.

अण्णा_सोलापूरकर
छत्रीचा उल्लेख वाचून आकड्यांबाबतचा माझा आक्षेप मी मागे घेतो. बाकीचे आक्षेप कायम आहेत.

मृण्मयी_एस
ताई, ते टेकाड जानेवारीत रिकामेच दिसते. मार्च संपताना या. त्या संपूर्ण उतारावर पिवळी डॅफोडिल्स लावलेली आहेत आणि ती साधारण त्याच सुमारास फुलतात. प्रत्येक फुलाला सहा पाकळ्या असतात, ज्यूंचे चिन्ह असलेल्या दाऊदच्या ताऱ्याच्या सहा टोकांसारख्या.

बारा_गावचे_पाणी
मार्चअखेरीस मीही येतो. भेटायचे कुठे ते आधीच ठरवू या. गेटपाशी नको.